पाखर ल्यालेले हत्ती

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात लीड्स नावाचं शहर आहे. तिथल्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात एक हत्ती उभा आहे. हत्ती नकली आहे, पण त्याच्या अंगावरचं लोखंड अस्सल आहे आणि ते आपल्याकडचं आहे. इ. स. १६०० च्या आगेमागे उत्तर हिंदुस्थानात, मोगली अमलात घडवलेली ही पाखर, म्हणजे लढाऊ हत्तीचं चिलखत. कुठल्याही प्राण्याच्या आज शिल्लक असलेल्या चिलखतांत ही सर्वांत मोठी मानली जाते.

ती तिथे पोचली क्लाइव्ह घराण्यामार्फत. प्लासी जिंकणाऱ्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. त्याची बायको लेडी हेन्रिएटा क्लाइव्ह १८०१ मध्ये मायदेशी परतली, तेव्हा तिच्या सामानातून ही पाखर वेल्समधल्या पोविस किल्ल्यावर गेली आणि विसाव्या शतकात रॉयल आर्मरीजकडे आली. ती प्लासीच्या रणांगणावरून उचलल्याची कथा बराच काळ सांगितली जात होती. त्या कथेला पुरावा नाही. बनावट पाहिली तर ती प्लासीच्या दीडेकशे वर्षं आधीची आहे.

पूर्ण पाखर आठ भागांची होती. त्यांतले दोन गहाळ आहेत. उरलेल्या सहांत ५,८४० लोखंडी पट्ट्या आहेत आणि वजन ११८ किलो भरतं. सगळे भाग असताना पट्ट्या ८,४३९ आणि वजन १५९ किलो असावं, असा संग्रहालयाचा हिशेब आहे. भागाकार करून पाहिला तर एका पट्टीच्या वाट्याला, तिला धरून ठेवणाऱ्या कड्यांसकट, वीसेक ग्रॅम लोखंड येतं. म्हणजे एवढ्या अवाढव्य जनावराला झाकणारी ही वस्तू चिमटीत मावतील अशा तुकड्यांची बनलेली आहे. प्रत्येक पट्टी कापायची, तिच्या कडांना भोकं पाडायची, त्यांतून कड्या ओवायच्या आणि शेजारच्या पट्टीशी जोडायची. एकामागून एक ओळ अशी विणत न्यायची. मधूनमधून मोठे चौकोनी पत्रे बसवलेले आहेत आणि त्यांवर ठोकून उठवलेली कमळं, मोर, मासे आणि हत्तीही आहेत. एकट्या डोक्याच्या भागात २,१९५ पट्ट्या आहेत, कारण गंडस्थळाचे उंचवटे, डोळ्यांभोवतीचे खळगे आणि सोंडेचा उतार यांवर मोठा पत्रा बसतच नाही.

ही पाखर मी जितकी निरखली, तितकं वाटत गेलं की हिच्या कारागिराला हत्ती आतून माहीत होता.

माणसाच्या किंवा घोड्याच्या चिलखतात मोठे पत्रे वापरता येतात, कारण शरीराचे सांधे ठरलेले असतात आणि मधला भाग फारसा हलत नाही. हत्तीचं तसं नाही. तो चालतो तेव्हा खांद्याचं हाड कातडीखाली पुढेमागे सरकतं, पोट एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलतं, मान वळते तेव्हा गळ्याची कातडी गोळा होते. अखंड पत्रा घातला तर चार कोसांत त्याची कड कातडीत घुसेल. हत्तीची कातडी काही ठिकाणी इंचभर जाड असते खरी, पण ती बधिर नसते. माशी बसली तरी हत्तीला कळतं. कानामागे, पोटाखाली, काखेत तर ती फार पातळ असते. घासून झालेली जखम हत्तीत लवकर चिघळते आणि चिघळलेली जखम घेऊन हत्ती माहुताचं ऐकत नाही. म्हणून हत्तीसाठी पट्टी आणि कडी यांचीच वीण हवी. ती गोधडीसारखी अंगावर पडते आणि अंगाबरोबर हलते.

दुसरी अडचण माहुताची. माहूत मानेवर बसतो आणि दोन्ही पायांचे अंगठे हत्तीच्या कानांमागे रोवतो. डावीकडे वळ, थांब, मागे सर, हे सगळे हुकूम त्या अंगठ्यांच्या दाबातून जातात. अंकुश असतो, पण तो सततच्या वापराचा नव्हे. आता कानामागची ती जागा लोखंडानं झाकली तर हत्ती आणि माहूत यांच्यातलं बोलणंच तुटेल. ती उघडी ठेवली तर हत्तीची सर्वांत नाजूक कातडी बाणाच्या टप्प्यात येते. पाखर बनवणाऱ्यानं कौल नेहमी माहुताच्या बाजूनं दिला आणि तो बरोबरच होता. इशारा न कळणारा हत्ती शत्रूपेक्षा आपल्याच सैन्याला जास्त घातक.

अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त हत्तींच्या साजाची नोंद आहे. पाखर पोलादाची असते आणि डोक्यासाठी व सोंडेसाठी वेगळे भाग असतात, असं तो सांगतो. तिच्यावरून 'गजझंप' नावाचं आच्छादन घालत. ते तीन पदरी जाड कापडाचं शिवलेलं असे आणि बाहेरून रुंद फिती लावलेल्या असत. अबुल फजल त्याला शोभेची वस्तू म्हणतो. मला वाटतं, शोभेबरोबर त्याचा दुसराही उपयोग होत असला पाहिजे. उन्हात तापलेल्या लोखंडावर तीन पदरी कापड पडलं तर तेवढीच सावली.

कारण पाखरेची खरी अडचण उन्हात होती. वजनात ती नव्हती, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पूर्ण वाढलेला नर हत्ती चार टनांचा धरला तर १५९ किलो म्हणजे त्याच्या वजनाचा जेमतेम चार टक्के भाग. युरोपातला चिलखत घातलेला शिपाई स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक लोखंड अंगावर वागवत असे. त्या मानानं हत्तीला हे ओझं काहीच नाही.

पण हत्तीला माणसासारखा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी फक्त पायांच्या नखांजवळ असतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोन मोठी साधनं आहेत: कान आणि उघडी कातडी. कानांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कान हलवले की रक्त थंड होतं. शिवाय तो अंगावर पाणी उडवतो, चिखल घेतो, धूळ टाकतो. पाखर चढवली की पाठ आणि बगला झाकल्या गेल्या, चिखल-पाणी बंद झालं. मग उरले कान. आता हिंदुस्थानातल्या लढायांच्या तारखा पाहा. पानिपतची पहिली लढाई २१ एप्रिलची. दारा आणि औरंगजेब यांची सामूगढची लढाई २९ मे १६५८ ची, आग्र्याजवळच्या उन्हाळ्यातली. तिच्या आदल्या दिवशी दाराचं सैन्य चिलखतं चढवून दिवसभर उन्हात नुसतं उभं होतं आणि माणसं व घोडी उष्म्यानं कोसळली, असं त्या काळच्या वृत्तांतांत आहे. माणूस निदान शिरस्त्राण काढून वारा घेऊ शकतो. लोखंडात जखडलेल्या हत्तीला तेही करता येत नाही. दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागणारं हे जनावर रांगेत उभं करून ठेवायचं, आणि मग त्यानं डोकं शांत ठेवून लढावं अशी अपेक्षा करायची.

पाखर जे झाकू शकत नव्हती, त्याकडे शत्रूचं लक्ष फार आधीपासून होतं.

इ. स. पू. १६२ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये बेथ झकऱ्या इथे सेल्यूकस घराण्याच्या फौजेशी ज्यू बंडखोर लढले. त्या फौजेत हत्ती होते, त्यांच्या पाठीवर लाकडी बुरूज होते. एका हत्तीच्या अंगावर राजचिन्हांकित चिलखत दिसलं, म्हणून एलाझार नावाच्या योद्ध्यानं ठरवलं की राजा यावरच असणार. तो गर्दी कापत हत्तीच्या पोटाखाली शिरला आणि वरच्या दिशेनं शस्त्र खुपसलं. हत्ती मेला आणि त्याच्याच अंगावर कोसळला. राजा त्या हत्तीवर नव्हताच. ज्यूंच्या 'मक्काबी' ग्रंथात ही हकिगत आहे आणि हत्तीच्या चिलखताची जगातली ही एक जुनी नोंद. तिच्यात चिलखत काय करू शकलं नाही तेही आलं आहे. पोट झाकता येत नाही, कारण खालून बांधलेलं लोखंड चालताना मांड्यांना लागतं आणि हत्ती बसायला गेला की टोचतं. शिवाय भारी चिलखतानं तो हत्ती बाकीच्या हत्तींतून वेगळा उठून दिसला आणि नेमका तोच मारला गेला.

पाय तर त्याहून उघडे. झेलमकाठी इ. स. पू. ३२६ मध्ये पौरसाच्या हत्तींशी गाठ पडल्यावर अलेक्झांडरच्या सैनिकांनी कुऱ्हाडींनी पायांवर आणि विळ्यासारख्या वाकड्या तलवारींनी सोंडांवर घाव घातले. त्या सैन्यातला डामिस नावाचा एक जुना माणूस पुढे आठ वर्षांनी ग्रीसमधल्या मेगालोपोलिस शहराच्या बचावात सापडला. तटाला खिंडार पडलं होतं आणि शत्रू त्यातून हत्ती घुसवणार हे दिसत होतं. डामिसनं मोठाल्या दारांना खिळे ठोकून घेतले, ती दारं खिंडारात उताणी पुरली आणि वरून माती पसरली. हत्ती आले आणि खिळे तळव्यांत रुतले. हत्तीचा तळवा म्हणजे चरबीची जाड, मऊ गादी. तिच्यातूनच त्याला जमिनीचा अंदाज येतो. रुतलेल्या पायानं त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही. सहा वर्षांनी गाझाच्या लढाईत टॉलेमीनं हाच डाव लोखंडी काट्यांच्या साखळ्यांनी खेळला.

आपल्याकडे १३९८ मध्ये दिल्लीपुढे तैमूर उभा ठाकला, तेव्हा सुलतान महमूद तुघलकाकडे सुमारे १२० चिलखती हत्ती होते. तैमूरच्या सैन्यात त्यांची एवढी धास्ती होती की लढाईच्या वेळी कुठे उभं राहायला आवडेल, असं विचारल्यावर सोबतच्या विद्वानांनी "जनान्याजवळ" असं उत्तर दिल्याचं तैमूरचे चरित्रकार लिहितात. तैमूरनं खंदक खणले, लोखंडी सराटे पेरले आणि गवत लादलेल्या उंटांना आग लावून ते हत्तींच्या रोखानं सोडले. बगलांवर लोखंड होतं, पण पेटलेला, किंचाळणारा उंट अंगावर आला की त्याचा उपयोग काय? हत्ती फिरले आणि दिल्लीच्या फौजेवरच गेले.

हत्तीचा कणखरपणा शरीराचा आहे, मनाचा नाही. तो बुद्धिमान आहे, म्हणून त्याला धोका कळतो. कळपात राहतो, म्हणून एक भ्याला की बाकीचे भितात. हे ज्यांनी हत्ती पाळले त्यांना पक्कं ठाऊक होतं. कार्थेजच्या हस्द्रुबालनं आपल्या माहुतांना छिन्नी आणि हातोडा देऊन ठेवला होता. हत्ती बिथरला की माहुतानं छिन्नी त्याच्या मानेच्या सांध्यावर ठेवायची आणि हातोड्याचा घाव घालायचा. इ. स. पू. २०७ मध्ये इटलीत मेटॉरस नदीकाठी त्याचा पराभव झाला. त्या दिवशी शत्रूपेक्षा आपल्याच माहुतांच्या हातून जास्त हत्ती मेले, असं लिव्ही या रोमन इतिहासकारानं लिहिलं आहे. ज्याच्या हातून तो हत्ती रोज चारा खात असे, त्याच्याच हातून. युद्धातल्या हत्तींबद्दल मी जे जे वाचलं, त्यातलं हे वाक्य विसरणं मला सर्वांत अवघड जातं.

आपल्याकडे हत्तीच्या साजाचा विचार फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तीच्या युद्धसाहित्यात चिलखत, तोमर, बाणांचे भाते आणि यंत्रं यांची गणना आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त बाराव्या शतकातली गजविद्या सविस्तर आली आहे. पण लढाईच्या साजातला हत्ती डोळ्यांनी पाहून त्याचं वर्णन करणारा एक माणूस आपल्या अगदी घराजवळून गेला. रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला आणि मग बहमनींच्या बीदरला गेला. रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. तो लिहितो की हत्तींना पोलादी चिलखत घालतात, सोंडेला आणि सुळ्यांना मोठ्या तलवारी बांधतात, प्रत्येक तलवार एक कंतार वजनाची. आणि पाठीवरच्या बुरुजात बंदुका व धनुष्यं घेतलेली बारा चिलखती माणसं असतात.

निकितिनचं लिखाण मला प्रिय आहे, तरी इथे त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. कंतार म्हणजे ढोबळमानानं मणभर. मणाची तलवार सोंडेला टांगली तर ती सोंड शत्रूवर चालण्याऐवजी तिच्या ओझ्यानंच लुळी पडेल. बारा सशस्त्र माणसं म्हणजे आठनऊशे किलो. त्यावर पाखर, हौदा, दोरखंड. एवढं लादून हत्ती उभा राहील, फार तर मिरवणुकीत चालेल, पण धावेल आणि वळेल असं वाटत नाही. निकितिननं हे हत्ती सुलतानाच्या स्वारीत पाहिले होते, लढाईत नव्हेत. सुळ्यांना पाती बसवत हे मात्र खरं. इब्न बतूतानंही तुघलकांच्या दरबारात सुळ्यांवर धारदार लोखंड चढवलेले हत्ती पाहिले होते. पण ते देहदंड देण्यासाठी ठेवलेले होते.

सोंड हा पाखर घडवणाऱ्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न. हत्ती तिच्यातून श्वास घेतो, वास घेतो, पाणी पितो, चारा उचलतो आणि तिनंच झटापट करतो. वरच्या भागावर लोखंड बसवता येतं. खाली जावं तसं प्रत्येक बोटभर लोखंड तिची लवचीकता खातं. म्हणून सोंडेचं टोक उघडंच राही आणि हल्ला चढवणारा हत्ती ते आत वळवून घेई. प्रतिपक्षाला हे माहीत असे. गोवळकोंड्याला येसाजी कंकानं हत्तीशी झुंज घेऊन त्याची सोंड छाटली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास म्हणून तिला आधार फार कमी. पण ती रचणाऱ्यानं घावाची जागा अचूक निवडली आहे.

मस्तकावरची पाखर कशासाठी असे, हे समजायला पुण्यातच शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढे उभं राहावं. दरवाजा एवढा उंच की अंबारीचा हत्ती आत जावा. आणि त्याच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आडव्या-उभ्या ओळींत ७२ अणकुचीदार सुळे ठोकलेले, प्रत्येक वीतभराहून लांब. आपला हत्ती मिरवत आत यावा आणि शत्रूच्या हत्तीनं धडक दिली तर त्याचं कपाळ फुटावं, अशी दुहेरी सोय. बहुतेक पर्यटक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. एका सुळ्यावर नजर ठेवून विचार करावा: चार टनांचं जनावर धावत येऊन कपाळ यावर आपटणार आहे. वीस ग्रॅमच्या पट्ट्यांची वीण बाण अडवते, तलवारीचा घाव घसरवते. सुळा मात्र कड्यांच्या मधून वाट काढतो, आणि त्याला आत ढकलणारी ताकद हत्तीची स्वतःचीच असते. राजस्थानात उंटाळ्याच्या किल्ल्याची कथा सांगतात. हत्ती सुळ्यांवर धडकायला तयार होईना, तेव्हा बल्लू शक्तावत स्वतः सुळ्यांना पाठ लावून उभा राहिला आणि माहुताला म्हणाला, आता घाल हत्ती. कथेत बल्लूच्या शौर्याचं गुणगान आहे. मला मात्र आधी त्या हत्तीचं शहाणपण दिसतं. त्यानं सुळे पाहिले आणि नकार दिला.

दारूगोळा आला आणि पाखरेचा उरलासुरला उपयोगही झपाट्यानं घटला. चीनच्या युनान प्रांतात १३८८ मध्येच मिंग सेनापती मू यिंगनं शंभराहून अधिक चिलखती हत्तींपुढे बंदुका आणि अग्निबाण घेतलेल्या शिपायांच्या तीन रांगा उभ्या केल्या. एक रांग मारा करी आणि मागे हटे, तोवर दुसरी पुढे येई. निम्म्याहून अधिक हत्ती पडले. पानिपतावर १५२६ मध्ये इब्राहिम लोदीकडे हजाराच्या जवळपास हत्ती असल्याचं बाबर सांगतो. बाबरकडे जोडून बांधलेले गाडे, तोफा आणि तोडेदार बंदुका होत्या. हत्तींनी बंदुकांचा आवाज धड ऐकलेलाही नव्हता. याच बाबरनं हत्तीचं कौतुक करताना एक तक्रारही नोंदवली आहे: एकटा हत्ती उंटांच्या दोन माळांइतका दाणा खातो.

तोफेचा हत्तीबद्दलचा अभिप्राय पाहायचा असेल तर विजापूरला जावं. मुलुखमैदान तोफ आपल्या नगरची. निजामशाहीत १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी यानं ती अहमदनगरला ओतली, पुढे ती परांड्याला होती आणि तिथून विजापूरला गेली. वजन ५५ टनांच्या घरात. तिचं तोंड आ वासलेल्या सिंहाचं केलेलं आहे, हे सगळ्यांना दिसतं. जवळ जाऊन जबड्याच्या कोपऱ्यात पाहिलं की दातांमध्ये चिरडला जाणारा एवढासा हत्ती दिसतो. ओतकाम करणाऱ्या रूमीला आपण काय घडवत आहोत याची पुरती जाणीव होती. सोळाच वर्षांनी, २३ जानेवारी १५६५ ला, तालिकोटच्या लढाईत नगरच्या तोफखान्यानं तोफांत तांब्याची नाणी ठासून जवळून मारा केला, असं फिरिश्ता लिहितो. विजयनगरचं घोडदळ आणि हत्ती त्यापुढे टिकले नाहीत. वृद्ध रामराय पालखीत होता. निजामशाहीचा एक हत्ती अंगावर आला, भोयांनी पालखी टाकली आणि रामराय पकडला गेला. त्या दिवशी हत्ती निर्णायक ठरला तो असा, तोफांनी फळी फोडल्यावर.

मग एवढं कळूनही बादशहा आणि सरदार पुढची दोनशे वर्षं हत्तीवरूनच का लढले? उत्तर सोपं आहे: दिसायला. लाखाच्या गर्दीत, धुळीत, आपला धनी जिवंत आहे हे शिपायाला कळायला उंच जागा हवी. सतराव्या शतकापर्यंत हत्ती शत्रूची फळी फोडायला कमी आणि सेनापती बसवायला जास्त वापरला जाऊ लागला. पाखर त्यासाठी उपयोगी होती, शोभिवंत होती, आणि धन्याखालचं वाहन दोनचार बाणांनी बिथरू नये एवढं ती करत होती. धन्याला मात्र तिचा काहीच आडोसा नव्हता. पानिपतावर ५ नोव्हेंबर १५५६ ला हेमूची फौज जिंकत आली होती. तो 'हवाई' नावाच्या हत्तीवर होता. एक बाण त्याच्या डोळ्यात घुसला, हौद्यात तो दिसेनासा झाला आणि फौज फुटली. सामूगढला दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून त्याच्या लोकांना वाटलं, दारा पडला. पानिपतावरच १४ जानेवारी १७६१ ला पुन्हा तेच. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी मागे राहिली आणि ती पाहणाऱ्यांचा धीर सुटला. भाऊंनी हत्ती सोडला तो शौर्यानं, लढायला. पण हत्तीवर बसलेल्या सेनापतीला उतरण्याचीही मुभा नसते, हे दारानं एकशे तीन वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं.

मराठ्यांच्या राज्याचा पाया ज्या लढाईच्या रीतीवर घातला गेला, तिच्यात हत्तीला जागाच नव्हती. घाटवाटा, हलकी घोडी, रात्रीची दौड, एका मुक्कामाला दोन रात्री न काढणं, यात पाखर चढवायलाच वेळ लागणारं जनावर बसत नाही. हत्ती होते ते मानासाठी. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन यानं रायगडावर दरवाजाशी दोन हत्ती झुलताना पाहिले आणि असल्या वाटेनं ते वर आले तरी कसे, याचं आश्चर्य लिहून ठेवलं. पुढे पेशवाईत हत्ती वाढले. जरीपटका हत्तीवर, नौबत हत्तीवर, सरदारांच्या अंबाऱ्या हत्तींवर, चिखलात रुतलेल्या तोफांना रेटा द्यायलाही हत्ती. माझं स्पष्ट मत आहे की महाराजांच्या फौजेनं हत्ती लढाईबाहेर ठेवला तो निर्णय लष्करी दृष्ट्या पेशवाईतल्या अंबाऱ्यांपेक्षा शहाणपणाचा होता.

पाखर घडवणाऱ्या लोहारांच्या हुन्नराला यानं कमीपणा येत नाही. त्यांच्यापुढे ठेवलेलं काम होतं एका जिवंत, उष्ण, सतत हलणाऱ्या शरीराला लोखंड नेसवायचं आणि तरी त्याला श्वास घेऊ द्यायचा, पाहू द्यायचं, माहुताचा अंगठा जाणवू द्यायचा. ते काम त्यांनी पुरं केलं. आपल्या संग्रहालयांच्या कोठारांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत हत्तीच्या साजाचे सुटे भाग असतील, तर त्यांची मोजमापं घ्यायला हवीत. वजन, पट्ट्या, कड्यांची जात, अस्तराचं कापड लिहून ठेवायला हवं. लीड्सच्या पाखरेबद्दल एवढं बोलता येतं, कारण तिथे कुणीतरी बसून पट्ट्या मोजल्या.

हत्तीची लष्करातली चाकरी पाखर गेल्यावरही चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदी फौजेत ४० पौंडी जड तोफा हत्ती ओढत. दुसऱ्या अफगाण युद्धातही ते होते. रणांगणाच्या कडेपर्यंत तोफ हत्तींनी आणायची आणि शत्रूच्या गोळ्यांचा टप्पा सुरू झाला की हत्ती सोडून बैल जुंपायचे, असा त्या तोफखान्यांचा शिरस्ता होता.